सतरंजीला डग्गा का ऐकू येत नाही?

माझ्या खोलीत शहाबादी फरशी आहे. गाणं फार घुमतं म्हणून परवा जाड सतरंजी अंथरली. तबल्याची चाट दबली. डग्गा मात्र तसाच घुमतोय!

उत्तर सापडलं हार्वर्डच्या वॉलेस सेबिनच्या कामात. १८९५ साली, वयाच्या २७व्या वर्षी, त्याच्या गळ्यात एक घुमणारं व्याख्यानगृह पडलं. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. सेबिन मध्यरात्रीनंतर जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा, आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. सकाळच्या आत गाद्या पुन्हा जागेवर. (पीएचडीवाल्यांना हे ओळखीचं वाटेल.)

मग त्याने वस्तूंचं कोष्टक केलं. उघडी खिडकी म्हणजे १, कारण तिच्यातून गेलेला आवाज परतत नाही. त्या हिशेबात साधा गालिचा ०.२०, लिनोलियम ०.१२. पण ही मापं एकाच सुराची, सेकंदाला ५१२ कंपनांची. पुढे त्यानेच ६४ ते ४०९६ पर्यंतचे सूर मोजले, तेव्हा आकडे सुरागणिक बदलले.

असं का? कडक फरशीला लागून असलेली हवा आवाजाने जवळपास हलतच नाही, आणि धाग्यांत घर्षण व्हायला ती हलावी लागते. ४०९६च्या सुराची लहर जेमतेम ८ सेंटिमीटर. तिची हालचाल जाड गालिच्यात थोडीतरी शिरते. ६४ची लहर ५ मीटरहून लांब. तिला सतरंजीचा पत्ताच नसतो.

आता डग्ग्यासाठी कोपऱ्यात कापसाच्या गाद्या उभ्या करून बघतोय. आईला अजून सांगितलेलं नाही.