मागचा दिवा

पातूरला कोणी इतिहास शोधायला आला, की आम्ही त्याला कातळात कोरलेली लेणी दाखवतो, रेणुकामातेचा डोंगर दाखवतो आणि गावाला ‘पातूर शेखबाबू’ का म्हणत, ते सांगतो. मी मात्र गेली काही वर्षे वेगळ्याच गोष्टीच्या मागे आहे: वाहनाच्या पाठीवरचा लाल दिवा. विषय क्षुल्लक वाटेल. पण पातूरला रेल्वे कधी आलीच नाही. आमचा सारा व्यवहार अकोला-वाशीम रस्त्यावर चालतो. त्या रस्त्यावरच्या घाटात माझे काका रात्री मोटारसायकलने येताना एका अंधाऱ्या ट्रॉलीवर आदळले आणि त्यांचा पाय कायमचा अधू झाला. ट्रॉलीवाला वाईट माणूस नव्हता. तो एवढेच म्हणाला, “समोरचं तं दिसते, मांगं कोन पायते?” या एका वाक्याचा इतिहास मी शोधतो आहे.

आरंभ बंडीपासून करावा लागतो. 1867 पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली आणि कापसाच्या बंड्यांची तोंडे अकोल्यासारख्या स्टेशनांकडे वळली. रात्रीच्या प्रवासात बंडीच्या आखाखाली कंदील टांगलेला असे. पुढे त्या जागी ओगलेवाडीचा प्रभाकर कंदीलही आला. त्या उजेडात रस्ता फारसा दिसत नसे. वाट बैलांना पाठ असे आणि धुरकरी पुष्कळदा झोपलेला असे. तो कंदील दुसऱ्यांसाठी होता. हेलकावे खाणारा तो ठिपका पुढून दिसे तसाच मागूनही दिसे. एकाच दिव्याने दोन्ही दिशा सांभाळल्या होत्या.

मोटार आली आणि या दोन दिशांची फारकत झाली. पुढचा दिवा चालकासाठी, मागचा परक्यासाठी. पुढचा गेला तर गाडी अडते. मागचा गेला तर चालकाला पत्ताही लागत नाही. म्हणून कायद्याला मध्ये पडावे लागले. देशव्यापी मोटार कायदा 1914 चा, त्यानंतर 1939 चा आणि आजचा 1988 चा. 1989 च्या केंद्रीय नियमांनुसार मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे. ताशी 60 किलोमीटरने येणाऱ्याला एवढे अंतर कापायला नऊ सेकंद लागतात. डिपरच्या उजेडात बिनदिव्याची ट्रॉली चाळीसेक मीटरवर दिसली, तर हाती अडीच सेकंदही उरत नाहीत. काकांच्या वाट्याला तेवढेच आले असावेत.

मग दिवे का लावले नाहीत? ‘अडाणीपणा’ हे सोपे उत्तर मला पटत नाही. राजदूत, येझदी, जुनी बुलेट या मोटारसायकली 6 व्होल्टच्या होत्या. विजेचे गणित असे, की तेवढ्याच वॅटच्या दिव्याला 6 व्होल्टवर 12 व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो आणि त्याच वायरीत वाया जाणारी शक्ती चौपट होते. मागे छोटी ट्रॉली जोडली, तिला 5 वॅटचे दोन टेल आणि 21 वॅटचे दोन ब्रेकचे दिवे दिले, तर ब्रेक दाबताच 52 वॅट, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर लागणार. लहान इंजिनाच्या मॅग्नेटोला हा भार झेपणारा नव्हता. त्यातच इंजिनाचे फेरे उतरले की दिवा मंदावे. घाटात, ओझ्याखाली, गाडी सर्वांत हळू चाललेली असते आणि दिव्याची गरज सर्वांत जास्त असते. नेमका तेव्हाच तो मिणमिणे.

मोटारसायकलला औत किंवा ओझे जोडण्याची कल्पकता आपल्याकडे कमी नव्हती. दिल्लीत महायुद्धातल्या जुन्या हार्ले डेव्हिडसनच्या फटफट्या प्रवासी वाहत. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातले मनसुखभाई जगानी यांनी बुलेटवर शेती करणारी ‘बुलेट सांती’ बनवली आणि ती गाजली. आमच्याकडेही चारा, पाण्याचे ड्रम, भाजी वाहणाऱ्या ट्रॉल्या मोटारसायकलीमागे दिसतात. ओढण्याची युक्ती लवकर साधली. मागच्याला सावध करण्याची युक्ती मागे राहिली.

ती युक्ती मी बसस्टँडजवळच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे स्टुलावर बसून शिकलो. तो पाच वायरी काढतो: टेल, ब्रेक, डावा, उजवा आणि अर्थ. पाचवीवर त्याचा सारा कटाक्ष. बरेच जण ट्रॉलीचा अर्थ हुकाच्या खिळ्यावर सोडतात. तिथे ग्रीस, धूळ, गंज असतो. गाडी हलली की जोड तुटतो आणि दिवे लुकलुकतात. इंडिकेटर दिला तर ब्रेकचा दिवाही मंद पेटतो. म्हणून अर्थची वायर वेगळी, थेट बॅटरीपर्यंत. भार जास्त असेल तर बॅटरीजवळ फ्यूज आणि मध्ये रिले. मोटारसायकलच्या वायरीने रिलेला नुसता इशारा द्यायचा. पण आधी मीटर लावून पाहायचे, कारण कित्येक लहान गाड्यांत टेलचा दिवा बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटोच्या एसीवर असतो. तिथे डीसीचा रिले थरथरतो. शेवटी प्लग, म्हणजे ट्रॉली सोडताना वायरी ओरबाडल्या जात नाहीत.

पुढे 12 व्होल्ट रूढ झाले, एलईडी आली. आता ट्रॉलीचे दोन्ही टेल मिळून पूर्वीच्या एका बल्बपेक्षा कमी वीज खातात. फक्त जुना फ्लॅशर एवढ्या हलक्या भारावर नीट मिचकावत नाही, तो बदलावा लागतो. म्हणजे विजेची सबब संपली. ट्रॉली जोडण्याला परवानगी आहे की नाही, हा आरटीओचा प्रश्न वेगळा आहे आणि तो विचारलाच पाहिजे. दिव्याने तो सुटत नाही.

तरी सोयाबीन-कापसाच्या दिवसांत संध्याकाळी घाटात उभा राहिलो, तर दिवे नसलेल्या पाठी आजही मोजता येतात. दिवाळीत आपण उंबऱ्यावर पणती ठेवतो. तिचा उजेड घरापेक्षा रस्त्यालाच जास्त मिळतो. बंडीखालच्या कंदिलाला ही रीत ठाऊक होती. काका आता गाडी चालवत नाहीत. पण दारात कोणाची ट्रॉली थांबली, की काठी टेकत मागे जाऊन बघतात. दिवा दिसला तर काही न बोलता परत येतात.