डांबराखालचं डांबर

शिराळा म्हटलं की नागपंचमी आठवते. पण या तालुक्याची दुसरी ओळख पावसाची. त्याच सांगली जिल्ह्यात जत-आटपाडीकडची माणसं ढगांकडे डोळे लावून बसतात आणि चांदोलीच्या बाजूला पाऊस उसंत देत नाही. डांबरी रस्त्याची खरी परीक्षा होते ती इथं.

आपला जुना पक्का रस्ता म्हणजे खडी, मुरूम, पाणी आणि वरून रूळ. बैलगाडीला तो पुरे होता. मोटारी आल्या, त्यांच्या रबरी चाकांनी खडीच्या फटींतली माती ओढून काढली. रस्ते उखडले, धुरळा उडाला. युरोपातही हेच झालं. १९०२ साली मोनॅकोत गुग्लिएल्मिनेट्टी नावाच्या डॉक्टरांनी रस्त्यावर डांबर पसरलं, ते धूळ बसावी म्हणून! आपल्याकडे १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला, १९२९ साली केंद्रीय मार्ग निधी उभा राहिला. शिराळा तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. पुढं १९५४-५५ साली मुंबईत तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. कोळशाचं डांबर मागं पडलं, खनिज तेलाचं बिटुमेन आलं. नाव मात्र आपण जुनंच ठेवलं.

आता मुद्द्याचं. डांबर म्हातारं होतं. ऊन आणि हवा खाऊन ते करडं, ठिसूळ पडतं, त्याचा चिकटपणा जातो. अशा रस्त्यावर थेट कारपेट किंवा सीलकोट टाकला, तर तो खालच्या थराला धरतच नाही. मधल्या फटीत पाणी शिरतं, वरून चाकांचा दाब बसतो आणि पहिल्याच पावसाळ्यात भाकरीसारखा पापुद्रा सुटतो.

म्हणून आधी खड्डे-भेगा भरायच्या, तारेच्या ब्रशनं आणि हवेच्या झोतानं धूळ काढायची. मग पातळ डांबराचा हात. उघड्या खडीवर असेल तर तो प्राइम कोट, जुन्या डांबरावर असेल तर टॅक कोट. हल्ली त्यासाठी पाण्यात मिसळलेलं इमल्शन वापरतात. फवारताना ते तपकिरी दिसतं. पाणी सुटून काळं झालं की मगच वरचा थर. प्रमाण किती? चौरस मीटरला साधारण पाव किलो. जास्त झालं तर तेच वंगण होतं आणि वळणावर थर सरकतो.

खर्चाच्या मानानं हे काम किरकोळ, पण चुकवायला सगळ्यांत सोपं. वरचं कारपेट पडलं की खाली काय होतं ते कोण पाहणार? मोजण्याची युक्ती मात्र साधी आहे. रस्त्यावर पत्र्याचा ट्रे ठेवायचा, फवारणीची गाडी त्यावरून जाऊ द्यायची आणि ट्रेचं वजन करायचं. तराजू तिथंच हवा आणि वजन वरचा थर पडण्याआधी व्हायला हवं.