'मुगल-ए-आझम'मागची माणसं

'मुगल-ए-आझम' म्हटलं की दिलीपकुमार, मधुबाला आणि पृथ्वीराज कपूरच आठवतात. पण ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात लागलेला हा सिनेमा अनेक हातांनी घडवला. दिग्दर्शन के. आसिफ यांचं, पैसा शापूरजी पालनजी यांचा. संवाद चौघांचे: अमान, कमाल अमरोही, वजाहत मिर्झा आणि एहसान रिझवी. गाणी शकील बदायुनींची, संगीत नौशाद यांचं. पडद्यावरच्या तानसेनाचा गळा उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांचा. कथक लच्छू महाराजांनी बसवलं. शीशमहल एम. के. सय्यद यांनी उभा केला. त्याच्या आरशांत दिवे चमकायचे, म्हणून कॅमेरामन आर. डी. माथूर यांनी थेट प्रकाश टाळला. पुढच्या वेळी सिनेमा लावाल तेव्हा ही नावंही मुलांना वाचून दाखवा.