कोठावळ्याची चूक

युद्धांचा इतिहास लिहिणारे सेनापतींविषयी लिहितात, वैमानिकांविषयी लिहितात. कोठावळ्याविषयी मात्र कोणी लिहीत नाही. माझे तर असे मत आहे की, लढाऊ विमान जितके पंखांवर उडते तितकेच ते कोठारातल्या नोंदवहीवर उडते. हवा तो सुटा भाग हव्या त्या दिवशी मिळाला नाही, तर कोट्यवधींचे यंत्र धावपट्टीच्या कडेला पांघरूण घेऊन बसून राहते. आणि भलताच भाग हाती पडला तर? त्याचीच ही हकीकत. फराळाच्या ताटाशी बसून वाचायला ती गमतीची वाटेल. पण पुढे पुढे ती गंमत राहत नाही.

तैवानच्या सैन्याजवळ ‘ह्यूई’ जातीची अमेरिकन हेलिकॉप्टरे होती. व्हिएतनामच्या युद्धात गाजलेली ती हीच. त्यांच्यासाठी बॅटऱ्या हव्या होत्या. मागणी रीतसर गेली, आणि २००६ साली अमेरिकेतील यूटा राज्यातल्या हिल हवाई तळावरून माल रवानाही झाला. कागदोपत्री सारे चोख होते. फक्त आत बॅटऱ्या नव्हत्या! ‘मिनिटमन’ या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्राच्या शेंड्याला बसणारे चार भाग होते. अस्त्र लक्ष्याजवळ पोहोचले की स्फोटाची कळ दाबायची, हे त्यांचे काम. त्यांत अणुद्रव्य नव्हते, एवढेच काय ते नशीब.

हे भाग मार्च २००५ मध्ये वायोमिंगमधील वॉरन तळावरून हिलला आले होते. माल गुप्त, पण तो साध्या मालाच्या रांगेत शिरला आणि तिथूनच बॅटऱ्या म्हणून बाहेर पडला. दर तीन महिन्यांनी मोजदाद करण्याचा नियम होता. तरी जवळजवळ दीड वर्ष हे चार नग घरात नाहीत, याचा कोणाला पत्ता लागला नाही. आपल्या घरी लाडवांच्या डब्यातून चार लाडू कमी झाले, तर संध्याकाळच्या आत चौकशी होते!

खरी मौज पुढेच आहे. मागवले ते हे नव्हे, असे तैवानने कळवले. अमेरिकेच्या दप्तराने त्याचा अर्थ लावला की, चुकीच्या जातीच्या बॅटऱ्या गेल्या असाव्यात. तेव्हा तुम्हीच त्यांची विल्हेवाट लावा, असेही सुचवले. सुदैवाने तैवानने तसे केले नाही. अखेर मार्च २००८ मध्ये वस्तुस्थिती उमगली आणि ते भाग घाईघाईने परत नेण्यात आले. २५ मार्चला अमेरिकेने ही चूक जगापुढे मान्य केली. तैवानवर हक्क सांगणाऱ्या चीनने तीव्र नापसंती व्यक्त केली. शेजारच्या बेटावर अण्वस्त्राचे भाग पोहोचले, ते केवळ चुकीने, यावर संशयी शेजाऱ्याने विश्वास ठेवावा तरी कसा?

ही एकच चूक असती तर कोणी कारकुनावर खापर फोडून मोकळे झाले असते. परंतु ऑगस्ट २००७ मध्येच मायनॉट तळावरच्या एका बी-५२ विमानाला सहा क्षेपणास्त्रे लावली गेली होती, ती खऱ्या अण्वस्त्रांसह! ते विमान तसेच लुइझियानातल्या बार्क्सडेल तळावर जाऊन उतरले, आणि सुमारे छत्तीस तास कोणाच्या लक्षात आले नाही. ॲडमिरल डोनाल्ड यांनी चौकशी केली. शिस्त एका दिवसात नव्हे, वर्षानुवर्षे ढिली होत आली आहे, असा तिचा निष्कर्ष निघाला. ५ जून २००८ रोजी संरक्षणमंत्री गेट्स यांनी हवाईदलाचे मंत्री विन आणि सेनाप्रमुख मोझली या दोघांचेही राजीनामे घेतले.

मला वाटते, येथे कोणी दुष्टावा केला नाही, कोणी लाच खाल्ली नाही. प्रत्येकाने आपल्यापुढचा कागद पाहिला आणि तो खरा मानला. शीतयुद्धाच्या काळात या कोठारांवर साऱ्यांची नजर असे. ते संपले आणि तिथले काम दुय्यम ठरले. जिथे नजर कमी होते तिथे सही वाढते. सही म्हणजे पाहिल्याची खूण. पण पुढे पुढे सहीच पाहण्याची जागा घेते.

क्षेपणास्त्र बनवायला मोठे शास्त्रज्ञ लागतात. ते सुरक्षित ठेवायला मात्र पिंपाचे झाकण उघडून आत डोकावणारा एक माणूस लागतो. आणि आत भलतेच दिसले तर तसे पुन्हा पुन्हा कळवण्याचा त्याचा चिवटपणा. या हकीकतीत तो तैवानच्या बाजूला होता. त्याचे नाव कोणत्याही इतिहासात येणार नाही. आपण निदान त्याची आठवण ठेवू या.