एकाच दोरीचे दोन हिशेब

आज दोरीपासून सुरुवात करू. 44 वार लांबीची एक दोरी मनात धरा. पाच नऊवारी एकापुढे एक अंथरल्या की 45 वार होतात, त्यात एक वार कमी. दोरीची दोन्ही टोकं बांधून तिचा चौकोन आखला, तर एकेक बाजू 11 वारांची होते आणि आत 11 गुणिले 11, म्हणजे 121 चौरस वार जागा येते. आता त्याच दोरीचं गोल रिंगण करा. ते आरपार 14 वार भरतं आणि आत जागा मावते 154 चौरस वार. दोरी तीच, वीतभरही वाढली नाही, पण जागा 33 चौरस वारांनी जास्त.

आपल्याकडे भाताची कणगी गोल विणायची रीत आहे, तिचा एक फायदा इथं दिसतो. बांबूचा तेवढाच तट्ट्या गोल वळवला की चौकोनी खोक्यापेक्षा जास्त भात राहतो, आणि दाण्यांचा दाब सगळीकडे सारखा पडतो, कोपरा फुटायची भीती नाही. खळं गोल असतं त्याचं कारण मात्र वेगळं. तिथं बैल तिवड्याभोवती फिरतात, म्हणून ते गोल.

गोल आणि चौकोन यांची बरोबरी करायचा खटाटोप फार जुना आहे. यज्ञाच्या वेद्या कशा आखाव्यात हे सांगणारी शुल्बसूत्रं अडीच हजार वर्षांहूनही जुनी मानतात. शुल्ब म्हणजे दोरीच. गार्हपत्य अग्नीची वेदी गोल, आहवनीयाची चौकोनी, दक्षिणाग्नीची अर्धचंद्रासारखी, आणि तिन्हींचं क्षेत्रफळ सारखं हवं. मग गोलाएवढा चौकोन काढायचा कसा? बौधायनाच्या शुल्बसूत्रात एक सोपी युक्ती आहे: गोलाच्या आरपार मापाचे 15 भाग करा, त्यातले 2 सोडा, उरलेल्या 13 भागांची बाजू धरून चौकोन काढा. आपण ताळा करून पाहू. आरपार 15 वारांचं रिंगण असेल, तर आत जवळजवळ 177 चौरस वार जागा असते. 13 वारांचा चौकोन भरतो 169. साडेसात-आठ चौरस वार कमी पडले. केवळ दोरी आणि खुंटीवर केलेलं काम म्हणून आम्हाला ते उणं वाटत नाही. आणि या युक्तीला हसायचं काही कारणही नाही, कारण फक्त पट्टी आणि कंपास घेऊन गोलाएवढा तंतोतंत चौकोन काढताच येत नाही, हे 1882 साली जर्मनीतल्या लिंडेमान नावाच्या गणितज्ञानं सिद्ध केलं.

आपल्या मुलखातलं मोठं नाव भास्कराचार्यांचं. त्यांची ‘लीलावती’ 1150 च्या सुमारासची. त्यात गोलाचा नियम असा आहे: आरपार मापाचा चौथा हिस्सा घ्या आणि त्याला घेरानं गुणा. आपल्या रिंगणाला लावून बघा. 14 चा चौथा हिस्सा साडेतीन, घेर 44, गुणाकार 154. आरपार मापावरून घेर काढायचे दोन हिशेब त्यांनी दिले. बारीक कामाला 3927 ने गुणून 1250 ने भागा, रोजच्या व्यवहाराला 22 ने गुणून 7 ने भागा. शाळेतला बावीस सप्तमांश तो हाच.

या पुस्तकातली गणितं ‘बाले’ अशी हाक मारून विचारलेली आहेत, हे आम्हाला फार आवडतं. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिचं लग्न मोडलं, ही गोष्ट 1587 च्या फारसी भाषांतरात येते. मूळ पुस्तकात ती नाही. ती खरी असो नसो, गणित बाईला उद्देशून सांगितलंय एवढं तर पानावरच आहे.

चाळीसगावजवळच्या पाटण गावी एक शिलालेख आहे, 1207 च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याला मिळालेल्या देणग्या त्यात कोरल्या आहेत. लेखाचा काही भाग त्या काळच्या मराठीत आहे. तेलाच्या घाण्यामागे पळी पळी तेल या मठाला द्यायचं, असं त्यात लिहिलंय. गणिताच्या शाळेचा खर्च गावाच्या तेलातूनही चालायचा.

आता एक पेच सांगतो. दोरी सारखी असेल तर गोल मोठा, हे पाहिलं. पण पापड वाळवायला 14 इंच रुंदीचं चौकोनी ताट घेतलं तर जागा 196 चौरस इंच, आणि तेवढ्याच रुंदीचं गोल ताट घेतलं तर 154. इथं चौकोन जिंकला. कडा सारख्या धरल्या की रुंदी सारखी धरली, ते आधी ठरवलं पाहिजे. आणि पापड दुप्पट रुंद लाटला, जाडी तीच ठेवली, तर पीठ दुप्पट नाही, चौपट लागतं. दर ठरवताना हे विसरलं तर गट तोट्यात.

सर्वांत महाग चूक जमिनीत होते. गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, वारांत 11 गुणिले 11. सुरुवातीला आखलेला चौकोन म्हणजे बरोबर एक गुंठा. आता त्याच 44 वार दोरीनं 20 वार लांब आणि 2 वार रुंद पट्टी आखा. जागा किती? 40 चौरस वार. गुंठ्याचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. चारी बाजूंची बेरीज मात्र तीच, 132 फूट.

खारबाव, भिवंडीकडे गोदामांमुळे जमिनीला भाव आहे. वाटणीच्या नाहीतर विक्रीच्या कागदावर सही करायला घरातल्या बायकांना ऐन वेळी बोलावतात. कुणी म्हणालं, ‘ताईच्या तुकड्याचं कुंपण दादाच्या कुंपणाएवढंच आहे, वाटणी सारखी झाली,’ तर कुंपण मोजून थांबू नका. लांबी आणि रुंदी वेगवेगळी विचारा आणि गुणाकार करा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, आणि गुंठा साधारण 101 चौरस मीटर, म्हणून गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच धरता येतात. तुकडा वाकडातिकडा असेल तर नुसत्या लांबी-रुंदीवर भागत नाही, त्याची सरकारी मोजणी मागायची, आणि नकाशा हातात आल्यावरच सही.