सल्लागार सेवा कंत्राटे (कोल्हापूर महानगरपालिका)

रस्ता, जलवाहिनी, इमारत अशा कामांचे सर्वेक्षण, आराखडा, अंदाजपत्रक आणि देखरेख बाहेरच्या तज्ज्ञ संस्थेकडून मोबदला देऊन करवून घेण्यासाठी महापालिका जे करार करते, ती ही कंत्राटे. महापालिकेत अशा संस्थेला ‘कन्सल्टंट’ किंवा ‘पीएमसी’ (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार) म्हणतात. ठेकेदार काम करतो आणि ते नीट झाल्याचे सल्लागार सांगतो. सल्लागाराचे स्वतःचे काम नीट झाले का, हे कोणी पाहायचे, ही या कारभारातली खरी मेख.

तज्ज्ञ बाहेरून आणण्याची कोल्हापूरची रीत जुनी आहे. संस्थानकाळात नव्या राजवाड्याचा आराखडा ब्रिटिश लष्करी अभियंता मेजर चार्ल्स मँट यांनी केला. मात्र संस्थानी नेमणूक आणि आजचे कंत्राट यांत फार साम्य नाही. कोल्हापूरला नगरपालिका 1854 मध्ये आली आणि 15 डिसेंबर 1972 रोजी ती महापालिका झाली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 73 नुसार करार आयुक्त करतात आणि ठरावीक रकमेपुढे स्थायी समितीची पूर्वमंजुरी लागते. नोव्हेंबर 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रस्ताव मांडणे व तो मंजूर करणे ही दोन्ही कामे प्रशासकाच्या टेबलावर आली.

निवड दोन लखोट्यांनी होते. आधी तांत्रिक लखोटा उघडतो : अनुभव, कार्यपद्धती, नेमल्या जाणाऱ्या अभियंत्यांची पात्रता. दराचा लखोटा त्यानंतर. अनेक निविदांत गुणवत्तेला 70 आणि दराला 30 टक्के भार देतात. केवळ सर्वांत कमी दर पाहून सल्लागार नेमला, तर तो कागदावर स्वस्त पडतो आणि साइटवर दिसत नाही.

ठेकेदाराचे बिल मोजमाप पुस्तिकेतून, म्हणजे ‘एमबी’तून निघते : इतके घनमीटर काँक्रीट, इतके मीटर पाइप. सल्लागाराच्या कामाला फीत लावता येत नाही. म्हणून देयके टप्प्यांना बांधतात (सर्वेक्षण अहवाल, डीपीआर म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, निविदा मसुदा) किंवा प्रकल्पखर्चाच्या शेकडा प्रमाणात देतात. दुसरी पद्धत सोयीची आणि धोक्याची. खर्च वाढला की फीही वाढत असेल, तर काटकसर सुचवण्यात सल्लागाराचे नुकसानच. केंद्रीय दक्षता आयोगाने 2002 च्या परिपत्रकात सल्लागाराच्या शुल्काला कमाल मर्यादा घालण्यास सांगितले, ते याच जातीच्या अनुभवातून. देखरेखीचा करार महिन्यावर असेल तर दुखणे उलटे होते. काम जितके रेंगाळेल तितकी मुदतवाढ, आणि मुदतवाढीबरोबर बिल. यावर उपाय साधा, पण कंटाळवाणा आहे : हजेरीपत्रक, साइट-भेटींच्या नोंदी, चाचणी अहवाल आणि प्रत्येक बिलामागे महापालिकेच्याच अभियंत्याची सही.

काळम्मावाडी थेट पाइपलाइन हा शहरातला सर्वांत बोलका दाखला. काळम्मावाडीच्या दूधगंगा धरणातून पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत सुमारे 53 किलोमीटरची ही योजना केंद्राच्या लहान व मध्यम शहरांसाठीच्या नागरी पायाभूत सुविधा योजनेतून 2013 मध्ये मंजूर झाली आणि पाणी पोहोचले ते नोव्हेंबर 2023 मध्ये. वन, पाटबंधारे आणि सार्वजनिक बांधकाम खात्यांच्या परवानग्या, सोळांकूरसारख्या गावांचा विरोध, जॅकवेलचे (धरणातून पाणी उपसण्याच्या विहिरीचे) काम, अशी विलंबाची कारणे अनेक. यांपैकी मार्ग आणि परवानग्या सर्वेक्षणाच्या टप्प्यावरच पुढे यायला हव्यात, म्हणजे प्रश्न ठेकेदाराआधी सल्लागाराकडे वळतो. याच योजनेतल्या ठिकपुर्ली येथील पुलाच्या अंदाजपत्रकावरून वाद पेटला, तेव्हा बोट दाखवले गेले ते अंदाज करणाऱ्यांकडे आणि तो न तपासता पुढे पाठवणाऱ्यांकडेही.

शहरातल्या रस्ते प्रकल्पाची गोष्ट वेगळी, कारण तिथे पैसा खासगी कंपनीचा होता. महापालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी ही कंपनी यांच्यात 2008 मध्ये करार झाला : 49.99 किलोमीटर रस्ते, वसुली टोलमधून, मुदत 30 वर्षे. अशा करारात काम पुरे झाल्याच्या दाखल्यावर टोलचे दार उघडते, त्यामुळे दाखला देणाऱ्या तांत्रिक यंत्रणेची सही ठेकेदाराच्या यंत्रसामग्रीपेक्षा मोलाची ठरते. काँक्रीटखाली राहिलेल्या सेवावाहिन्या, अपुरी गटारे, रस्त्यांचा दर्जा या तक्रारींवर शहर रस्त्यावर उतरले. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे आंदोलनाच्या अग्रभागी होते. पुढे, झालेल्या कामाची किंमत किती, हे ठरवण्यासाठी फेरमूल्यांकन करावे लागले आणि 2016 च्या सुरुवातीला टोल कायमचा गेला. देखरेखीच्या कागदांवर लोकांचा विश्वास असता, तर निदान रस्त्यांची किंमत नव्याने मोजण्याची वेळ आली नसती.

करार संपताना अंतिम देयक रोखून धरण्याचा अधिकार महापालिकेच्या हाती असतो, आणि तोच बहुधा घाईत सुटतो. प्रत्यक्ष झालेल्या कामाचे नकाशे, व्हॉल्व्हच्या जागा, चाचण्यांची मूळ कागदपत्रे जल अभियंत्याच्या दफ्तरी जमा झाल्यावरच सुरक्षा ठेव परत करावी, ही अट करारात असायला हवी. ती नसली, तर गळती काढण्यासाठी रस्ता कुठे खोदायचा हे जुन्या फिटरला विचारावे लागते.