बालहक्क, हवामान आणि तंत्रज्ञान

संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला. त्यात पर्यावरणीय प्रदूषणाचा उल्लेख आहे, पण हवामानबदल किंवा इंटरनेट यांचा नाही. ही उणीव संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने दोन सर्वसाधारण टिप्पण्यांनी भरून काढली : क्रमांक २५ (२०२१) डिजिटल जगाविषयी, क्रमांक २६ (२०२३) पर्यावरण व हवामानाविषयी. विधी-अभ्यासकांनी या दोन्ही एकत्रच वाचायला हव्यात. उदाहरणार्थ, पुण्याजवळच्या तळवड्यात सॉफ्टवेअर पार्क, लघुउद्योगांच्या शेडा आणि इंद्रायणीचा काठ एकाच शिवारात येतात. तिथल्या मुलाच्या बाबतीत हे दोन विषय वेगळे काढताच येत नाहीत.

भारतातला हवामानविषयक महत्त्वाचा खटला रिधिमा पांडे हिचा. उत्तराखंडच्या या नऊ वर्षांच्या मुलीने २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनात हवामानाचा विचार होतच असतो, असे मानून लवादाने जानेवारी २०१९ मध्ये अर्ज निकाली काढला. हे गृहीतक कच्चे आहे. मूल्यांकन एकेका प्रकल्पाचे होते, तेही ठरावीक प्रकारांच्या प्रकल्पांचे. छोट्या शेडा त्यातून सुटतात आणि साऱ्या औद्योगिक पट्ट्याच्या उत्सर्जनाची बेरीज त्यात होत नाही. पुढे २०२४ मध्ये रणजितसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क अनुच्छेद १४ व २१ मध्ये मान्य केला. हा खटला मात्र माळढोक पक्ष्याच्या रक्षणासाठी होता. मुलांचा स्वतंत्र हक्क त्यात तपासला गेला नाही. तंत्रज्ञानाच्या बाजूला, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ९ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरवली असून, त्यांना लक्ष्य करून केलेल्या जाहिरातींना मनाई आहे.